लाईट गेल्यावर कोणता एडिटर कमी खातो? जुन्या लॅपटॉपवरच्या मोजणीच्या नोंदी

३ मे २०२४

आधी काम काय ते. सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं मिळून पोरापोरींना पायथन शिकवतो. लॅपटॉप सगळे दान आलेले. बहुतेक पाचव्या पिढीचे आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, त्यांवर डेबियन १२ ही लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. मे महिन्यात वळीव सुरू झाला की लाईटचा भरवसा नसतो. इन्व्हर्टर आहे, पण त्याची वायरिंग फक्त ट्यूब आणि पंख्यांपुरती. प्लगचे पॉईंट त्यावर नाहीत. त्यामुळे लाईट गेली की लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतात, आणि बॅटऱ्या थकलेल्या.

कोड लिहायचा एडिटर म्हणून पोरांना व्हीएस कोड पाहिजे, कारण व्हिडिओत तोच दिसतो. माझ्या जोडीदाराचं म्हणणं, व्हिम शिकवा आणि मोकळे व्हा. कोणता एडिटर बॅटरी कमी खातो याचा ठोस आकडा दोघांच्याही बाजूनं एकही नव्हता. म्हणून मोजायचं ठरलं.

मोजणीत घेतलेले: नॅनो, व्हिम, ईमॅक्स, माऊसपॅड, जीनी, केट, व्हीएस कोड. नोटपॅड प्लस प्लस विंडोजचा, म्हणून नाही. ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला बंदच झाला. सब्लाइम चांगला आहे, पण तो विकतचा. पोरांना फुकट चाचणीच्या आवृत्तीची सवय लावायची नव्हती.

५ मे

भिंतीच्या पॉईंटला लावायचं वॉट मीटर आणलं. साडेसातशे रुपये. त्यात लॅपटॉपचा चार्जर लावायचा आणि आकडा वाचायचा, इतकं सोपं वाटत होतं.

पहिली अडचण बॅटरीची. ती भरत असेल तर मीटरवर चार्जिंगच दिसतं, एडिटर नाही. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला. तरी आकडा एका जागी थांबेना. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी वॅटभर खाली-वर. आपल्याला शोधायचा फरक एका वॅटच्या आतला, तो या उड्यांमध्ये कुठं सापडणार? शिवाय चार्जर स्वतः तापून थोडं खातो, तेही यातच मिसळतं.

मीटर अगदीच वाया गेलं नाही. स्क्रीनचा उजेड पूर्णवरून निम्म्यावर आणला तर साधारण दोन वॅट कमी झाले, हे त्यावर स्वच्छ दिसलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

इन्व्हर्टर बघायला आलेल्या इलेक्ट्रिशियन मामांनी हा उद्योग पाहिला. म्हणाले, "सर, चार पंखे मिळून तीनशे वॅट खात्यात, आणि तुम्ही त्या पाटीच्या दोन वॅटांच्या मागं लागलाय व्हय?" हिशेब बरोबर आहे. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅटचा असतो, नव्या बीएलडीसी मोटरचा साधारण तीस. पण पंखे इन्व्हर्टरवर आहेत आणि लॅपटॉप नाहीत. प्लगचे पॉईंटही इन्व्हर्टरवर घ्यायला किती येतील म्हणून विचारलं. आकडा ऐकून विषय मिटला.

८ मे

काल मतदान होतं, अभ्यासिका बंद. आज मोजायची दुसरी पद्धत धरली.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ च्या सँडी ब्रिजपासून रॅपल नावाचा ऊर्जेचा मोजक असतो. लिनक्समध्ये सिस-क्लास-पॉवरकॅप या फोल्डरात इंटेल-रॅपल म्हणून तो सापडतो. आतल्या एका फाईलमध्ये सूक्ष्म-ज्यूलमध्ये वाढत जाणारा आकडा असतो. दोनदा वाचायचा, वजाबाकी करायची, मधल्या सेकंदांनी भागायचं. आले वॅट. यात प्रोसेसर आणि त्यातलंच ग्राफिक्स धरलं जातं. स्क्रीन, डिस्क, वाय-फाय नाही. आपल्याला तेच पाहिजे होतं.

दोन ठिकाणी अडलं. ही फाईल साध्या युजरला वाचता येत नाही. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की या आकड्याच्या चढउतारावरून प्रोसेसरमध्ये वापरात असलेल्या एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या ओळखता येतात. तेव्हापासून कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, ती रूटपुरती, म्हणजे ॲडमिनपुरती ठेवली. म्हणून स्क्रिप्ट सुडोनं, ॲडमिनच्या अधिकारानं, चालवायची. पोरांच्या लॉगिनवर ती ठेवू नका.

दुसरं जास्त मजेशीर. एका फेरीत व्हिमनं उणे वॅट खाल्ले! हा आकडा अमर्याद वाढत नाही, आमच्या मशीनवर सुमारे २६२ किलोज्यूलला पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो कधी उलटेल ते मशीन किती वेळ चालू आहे यावर अवलंबून. शेजारच्याच एका फाईलमध्ये कमाल मर्यादा लिहिलेली असते. वजाबाकी उणे आली तर ती मिळवायची, एवढी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला.

११ मे

सीपीयूची टक्केवारी बघून निकाल लावणाऱ्यांसाठी ही नोंद. आमच्या ग्रुपवर दोघांनी घरच्या मशीनवरचे आकडे पाठवले. एकाकडे व्हीएस कोड चार टक्के, दुसऱ्याकडे अठरा. दोघंही खरं सांगत होते.

एकानं पीएस ही आज्ञा वापरली होती, दुसऱ्यानं टॉप. पीएसमधली टक्केवारी ही प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. उघडताना भरपूर काम झालं आणि मग तासभर शांतता असेल तर आकडा हळूहळू उतरत जातो, आत्ता काय चाललंय ते त्यातून कळत नाही. टॉप मागच्या काही सेकंदांचं सांगतो, आणि तोही एका कोअरला शंभर टक्के धरून. चार धाग्यांच्या (थ्रेडच्या) मशीनवर चारशेपर्यंत जाऊ शकतो.

त्याहून फसवी गोष्ट प्रोसेसरच्या वेगाची. बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग उतरवतो. तेच काम सावकाश होतं, म्हणून जास्त वेळ चालतं, म्हणून टक्केवारी चढलेली दिसते. प्रत्यक्षात वीज कमी लागत असते! चार्जर लावून घेतलेली टक्केवारी आणि बॅटरीवरची टक्केवारी शेजारी ठेवायचीच नाही.

तेव्हापासून टक्केवारी सोडली. सीपीयूचे एकूण सेकंद आणि ज्यूल, एवढंच लिहून ठेवतोय.

१२ मे

आजचा अख्खा रविवार एकाच प्रश्नावर गेला: काम एडिटर करतो, पण बिल कुणाच्या नावावर फाटतं?

व्हिम टर्मिनलमध्ये, म्हणजे टाईप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, चालतो. व्हिमच्या प्रोसेसकडे पाहिलं तर आकडा जवळजवळ शून्य. पण अक्षरं पडद्यावर काढायचं काम टर्मिनल करतो, आणि ते टर्मिनलच्या नावावर पडतं. त्यातही एक्सएफसीईचा टर्मिनल सगळ्या खिडक्यांसाठी एकच प्रोसेस वापरतो. दुसऱ्या खिडकीत तुमची मोजणीची स्क्रिप्ट ओळी छापत असेल तर तिचा खर्चही त्याच खात्यात जमा. टर्मिनल उघडतानाच सर्व्हर बंदचा पर्याय दिला तर प्रत्येक खिडकीची प्रोसेस वेगळी होते. स्क्रिप्टनं पडद्यावर छापू नये, फाईलमध्ये लिहावं.

व्हीएस कोडचं उलट. तो इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे पोटात क्रोमियम हा ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड. त्याच्या प्रोसेस ढीगभर: मुख्य एक, खिडकीची एक, ग्राफिक्सची एक, एक्स्टेन्शनांची (वरून टाकलेल्या जोडण्यांची) एक, फाईलींवर पहारा ठेवणारी एक, आतल्या टर्मिनलची आणखी एक. टॉपमध्ये सगळ्यात वरची एक ओळ पाहून "इतकंच?" म्हणणाऱ्यांचं इथं फसतं. मदतीच्या मेनूत प्रोसेस एक्सप्लोरर आहे, तिथं ही सगळी मंडळी एकत्र दिसतात.

यावर उपाय म्हणजे सिस्टमडी-रन हे लिनक्समधलं साधन. त्याच्या स्कोपमध्ये एडिटर सुरू केला की त्याची सगळी पिलावळ एका सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलनं बांधलेल्या एका गटात, येते. त्या सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाईलमध्ये सगळ्यांचा मिळून झालेला वेळ सूक्ष्म-सेकंदांत मिळतो. टर्मिनल आणि त्यातला व्हिम दोन्ही एकाच स्कोपमध्ये टाकले. आता तुलना बरोबरीची झाली.

पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्सऑर्ग हा प्रोग्रॅम मात्र या सगळ्याच्या बाहेर राहतो. खिडकीतलं काहीही हललं की त्याला थोडं काम पडतं आणि ते कुठल्याच एडिटरच्या खात्यात दिसत नाही. म्हणून शेवटी निर्णय रॅपलवर ठेवला: आधी नुसता डेस्कटॉप मोजायचा, मग एडिटर उघडून मोजायचं, मधला फरक तो एडिटरचा. सीग्रुपचे आकडे फक्त कारण शोधायला.

रॅमबद्दलही इथंच लिहून टाकतो. आरएसएसचे, म्हणजे एकेका प्रोसेसनं धरलेल्या रॅमचे, आकडे बेरजेत घेऊ नका. चार प्रोसेस एकच लायब्ररी वापरत असतील तर ती चारदा मोजली जाते. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी एकच विहीर आपापल्या नावावर लावावी, तसं. स्मेम नावाचं साधन पीएसएस दाखवतं, त्यात सामाईक भाग वाटून धरलेला असतो. सीग्रुपच्या मेमरीच्या आकड्यात वाचलेल्या फाईलींचा कॅशही येतो, तोही सरळ घ्यायचा नाही.

रिकामी फाईल उघडून पीएसएस, ढोबळ: नॅनो पाच एमबीच्या आसपास, व्हिम दहा-पंधरा (दोन्हींत टर्मिनलचे तीस-चाळीस वेगळे), माऊसपॅड आणि जीनी चाळीस ते साठ, ईमॅक्स शंभराच्या अलीकडे, केट शंभराच्या पलीकडे, व्हीएस कोड पाचशेच्या पुढे. पूर्वी ईमॅक्सची टिंगल "आठ मेगाबाईट खातो आणि सारखा स्वॅप करतो" (रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरतो) अशी व्हायची. आज या यादीत तो मध्यमवर्गीय आहे.

१८ मे

दोन लॅपटॉप एकाच मॉडेलचे, तरी एकाचे वॅट सतत जास्त. एडिटर कोणताही लावा, फरक तोच. एकाच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर दुसरा खोटा.

हा जास्त खाणारा लॅपटॉप मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरून आलेला. खालचं झाकण उघडलं तर पंखा आणि जाळी पिवळीधमक. ब्रशनं आणि फुंकणीनं साफ केलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान झटक्यात उतरलं आणि वॅट दुसऱ्या लॅपटॉपच्या जवळ आले. चिप तापली की गळतीचा प्रवाह वाढतो, त्याच कामाला जास्त वीज जाते. शिवाय पंखा जोरात फिरतो. तो रॅपलमध्ये दिसत नाही, पण बॅटरी तर खातोच.

दुपारी बाहेर चाळिशीला टेकलेलं असतं. म्हणून दुपारच्या सगळ्या फेऱ्या रद्द केल्या. आता सकाळी सातच्या आधी येऊन मोजायचं. किल्ली शिपाईमामांकडं, ते साडेसहाला येतात, त्यामुळे हाताशी अर्धा तासच. त्यात जेवढं बसेल तेवढं.

दुसऱ्या एका मशीनवर कळा अडकत होत्या. कीबोर्ड उपडा करून झटकला, निम्मं पाकीट भडंग निघालं. मोजणीशी संबंध नाही, पण टायपिंगच्या चाचणीआधी हे बघून घ्या.

१९ मे

टायपिंगची चाचणी. माणसानं टाईप केलं तर प्रत्येक फेरी वेगळी होणार, म्हणून एक्सडूटूल हे साधन वापरलं. तेच पायथनचं पान, तोच वेग, प्रत्येक एडिटरमध्ये. पडद्यावर खिडक्या दाखवायच्या लिनक्समधल्या दोन पद्धतींपैकी हे एक्स११ वरच चालतं, वेलँडवर नाही. एक्सएफसीई असल्यानं आमचं भागलं.

इंग्रजी अक्षरांपर्यंत ठीक. आमची पोरं कॉमेंट मराठीत लिहितात, म्हणून त्या पानात देवनागरी ओळीही टाकल्या होत्या. तिथं गोंधळ. जी अक्षरं चालू कीबोर्डच्या नकाशात नाहीत, ती उमटवण्यासाठी एक्सडूटूल दर वेळी नकाशा तात्पुरता बदलतं. अक्षरं गळतात, मागंपुढं होतात, आणि प्रत्येक बदलाचा भार एक्सऑर्गवर पडतो तो वेगळाच. आकडे एडिटरचे राहिलेच नाहीत. शेवटी मराठी इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड लेआऊट आधीच निवडून ठेवला आणि अक्षरांऐवजी कळा दाबायला लावल्या. मग सुरळीत झालं.

ईमॅक्समध्ये तीच फेरी मधेच तुटायची. एडिटर आपापली मदत करतात: कंस उघडला की बंद करतात, ओळ बदलली की आपणहून सरकवतात, शब्द पुरा करायची यादी दाखवतात. एक्सडूटूलला याचं भान नसतं, ते दाबतच जातं. प्रत्येक फेरीनंतर तयार झालेली फाईल मूळ पानाशी डिफ या आज्ञेनं ताडून पाहिली. जुळली नाही तर ती फेरी बाद. असल्या मदती शक्य तिथं बंद केल्या. व्हीएस कोडमध्ये त्या बंद करायला बराच वेळ गेला, कारण त्या एका जागी नाहीत.

आकडा इतकाच सांगतो: टाईप करत असताना व्हिम आणि नॅनो टर्मिनल धरून अर्ध्या वॅटच्या आसपास जादा, जीनी-माऊसपॅड-केट त्याहून थोडे वर, व्हीएस कोड दोन वॅटच्या पुढे. पण पोरं सलग टाईप करतात कुठं? दोन ओळी लिहितात आणि पाच मिनिटं फळ्याकडं बघत बसतात. म्हणून खरी चाचणी पुढची.

२६ मे

काहीच न करता एडिटर नुसता उघडा ठेवला तर? मला विचाराल तर या सगळ्या नोंदींत वाचण्यासारखी ही एकच.

प्रोसेसर मोकळा असला की तो झोपतो, आणि जितका जास्त वेळ सलग झोपू दिला तितका खोल झोपतो. खोल झोपेत तो जवळजवळ काहीच खात नाही. सेकंदाला पन्नास वेळा कुणी हाक मारली तर काम क्षणाचं असलं तरी झोप खोल होत नाही. पॉवरटॉप हे साधन कोण सेकंदाला किती वेळा उठवतं ते दाखवतं. (त्यातला आपोआप सुधारणेचा पर्याय मोजणीच्या मधे दाबू नका. यूएसबीचे पॉईंट झोपतात, माऊस अडखळतो, आणि आधीच्या फेऱ्यांशी तुलना संपते.)

एडिटर मोकळा असताना उठवणारा पहिला संशयित म्हणजे लुकलुकणारा करसर.

यात इतिहास आहे. मार्च २०१७ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की व्हीएस कोड नुसता उघडा ठेवला तरी प्रोसेसरचे तेरा टक्के जातात. करसर सीएसएसच्या, म्हणजे वेबपानं सजवायच्या भाषेतल्या, ॲनिमेशननं लुकलुकत होता. करसर सेकंदात एकदा दिसणार, एकदा लपणार, पण ॲनिमेशन चालू आहे म्हणून क्रोमियम सेकंदाला साठ वेळा चित्र नव्यानं तपासत बसायचा. नंतर साधा टायमर लावून अर्ध्या सेकंदाला एकदा दाखव-लपव केलं आणि तो खर्च गेला. आजच्या आवृत्तीत तो प्रकार नाही. तरी सेटिंगमध्ये करसर ब्लिंकिंगला सॉलिड केलं की आमच्या मशीनवर रॅपलचा आकडा अजून थोडा उतरतो, फार नाही.

बाकीच्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. ईमॅक्सचा करसर दहा वेळा लुकलुकतो आणि कळ दाबली नाही तर स्थिर होतो. माऊसपॅड ज्या जीटीके लायब्ररीवर उभा आहे तिच्यात दहा सेकंदांनी तसंच. आमच्या टर्मिनलमध्ये तो मुळातच लुकलुकत नव्हता. आपण बघत नसताना कशाला लुकलुकायचं, हा विचार कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलाय. मला तो आवडला.

आता आकडे. नुसता डेस्कटॉप: प्रोसेसरचे दीड वॅटच्या थोडे वर. त्यावर नॅनो, व्हिम, ईमॅक्स, माऊसपॅड, जीनी, केट यातला कुठलाही उघडून ठेवा, फरक आमच्या मोजणीच्या चुकीत बुडून जातो. पुन्हा लिहितो: या सहांत कोण कमी खातो ते मोकळ्या अवस्थेत मला सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यानं कुठल्या साधनानं मोजलं ते विचारा. कोरा व्हीएस कोड, एकही एक्स्टेन्शन न लावलेला: पाव वॅटच्या आसपास जादा. म्हणजे स्क्रीनचा उजेड एक टिचकी कमी केला तर फिटला. जोडीदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मग एका पोराचा रोजचा व्हीएस कोड उघडला. जादा दोन वॅट. कुणी काही टाईप करत नाहीये, तरी.

२९ मे

ते दोन वॅट कुणाचे ते शोधायला दोन संध्याकाळी गेल्या.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शनांची प्रोसेस सतत वर. त्या पोरानं व्हिडिओत बघून पंधराएक एक्स्टेन्शनं टाकलेली. आयकॉन बदलणारं, रंग बदलणारं, कंसांना इंद्रधनुष्य करणारं. ही निरुपद्रवी निघाली. एकेक बंद करत बसण्याऐवजी एक्स्टेन्शन बायसेक्ट वापरा. तो निम्मी बंद करून विचारतो की त्रास आहे का, मग उरलेल्यांतली निम्मी. पंधरा असतील तर चार प्रश्नांत सापडतं. सापडलं ते कोड तपासणारं एक एक्स्टेन्शन. ते फक्त उघडी फाईल नाही, तर अख्खं फोल्डर ठराविक वेळानं पुन्हा पुन्हा तपासत होतं. आणि फोल्डरात पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट होतं, म्हणजे हजारो फाईली ज्या पोरानं लिहिलेल्याच नाहीत. "फक्त उघड्या फाईली" हा पर्याय निवडला, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर वगळलं. दोनचे अर्धा वॅट झाले.

फाईलींवरच्या पहाऱ्याला आधी मी दोष देत होतो, पण तो निर्दोष ठरला. लिनक्समध्ये आयनोटिफाय असतं. फाईल बदलली तर कर्नल कळवतो, न बदलली तर सीपीयू लागत नाही. पहाऱ्यामागं कर्नलची किलोबाईटभर रॅम जाते आणि फोल्डर उघडताना सगळं एकदा चाळलं जातं, एवढंच. तरी तेही फोल्डर पहाऱ्यातून वगळून टाकलं, चार जीबीच्या मशीनवर रॅम कुठं फुकट आहे.

मग उलटी चाचणी केली, आणि ती जोडीदाराच्या लॅपटॉपवर. त्याच्या व्हिममध्येही पायथनचा भाषा-सर्व्हर, म्हणजे मागं बसून कोड तपासणारा आणि सुचवणारा प्रोग्रॅम, जोडलेला आहे. तोच पायथनचा प्रकल्प उघडला, आणि व्हिमच्या स्कोपमध्ये नोडची एक प्रोसेस अडीचशे एमबी घेऊन बसलेली. टाईप करताना वॅट व्हीएस कोडच्या जवळपास. व्हिम हलका आहे, त्याच्यावर लादलेलं सामान हलकं नाही.

२ जून

मोठ्या फाईली. एक सव्वाशे एमबीची सीएसव्ही स्क्रिप्टनं बनवली, आणि पाच एमबीची जेसन, पण सगळी एकाच ओळीत. अशा फाईली पोरांना एपीआयवरून येतात आणि ती सरळ डबल-क्लिक करतात.

इथं सगळा क्रम उलटापालटा. मोकळ्या अवस्थेत गरीब वाटलेला माऊसपॅड एका ओळीच्या जेसनवर गोठला, एक कोअर पूर्ण भरून. शेवटी मारावा लागला. ईमॅक्स दहा एमबीच्या पुढची फाईल असेल तर विचारून उघडतो. पण लांब ओळीवर डेबियन १२ मधली २८ वी आवृत्ती करसर हलवतानाही दमते. २९ व्या आवृत्तीत, जी जुलै २०२३ मध्ये आली, हे सुधारलंय. व्हिम शहाणा: रंग चढवताना ओळीच्या तीन हजाराव्या स्तंभापुढं बघतच नाही, आणि रंगायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रंगणंच सोडून देतो. व्हीएस कोडही शहाणा: वीस एमबी किंवा तीन लाख ओळींच्या पुढे तो रंग आणि बाकीच्या सोयी आपणहून बंद करतो. सीएसव्ही त्यानं ज्या सहजतेनं उघडली त्याची मला अपेक्षा नव्हती. नॅनोनं उघडली, पण प्रत्येक ओळ वेगळी साठवत असल्यानं रॅम फाईलच्या कितीतरी पट.

पोरांना सांगितलंय: मोठी फाईल आधी टर्मिनलमध्ये लेस या आज्ञेनं बघा. त्याला सगळी फाईल वाचावीच लागत नाही.

६ जून

चार वाजता आभाळ भरून आलं आणि लाईट गेली. हीच चाचणी पाहिजे होती. चार लॅपटॉप भरलेल्या बॅटरीसह तयार ठेवलेलेच होते. क्षमता सगळ्यांत साधारण २५ वॅट-तास उरलेली, हे लॅपटॉप स्वतःच सांगतो. उजेड निम्मा, वाय-फाय चालू, पोरं नेहमीसारखी कामाला.

जीनी आणि टर्मिनलमधला व्हिम दोन्ही तीन तासांच्या आसपास चालले. साफ केलेला व्हीएस कोड वीसेक मिनिटं आधी गेला. एक्स्टेन्शनांनी भरलेला, मुद्दाम तसाच ठेवलेला व्हीएस कोड सव्वादोन तासांत आडवा. कागदावरचा हिशेबही तसाच येतो: पूर्ण लॅपटॉप आठ वॅट खातो तेव्हा पंचवीसला तीन तास, अकरा खातो तेव्हा सव्वादोन.

लाईट साडेसातला आली.

९ जून

काय बसवलं ते.

टर्मिनलमधले एडिटर नवशिक्यांसाठी बाद झाले, पण विजेमुळे नाही. आमच्या टर्मिनलमध्ये मराठी नीट दिसत नाही. प्रत्येक अक्षराला ठराविक चौकट असते, त्यात जोडाक्षर मोडतं, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते, करसर एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. "विद्यार्थी" हा शब्द प्रिंट करून एक मुलगी म्हणाली, "सर, माझा प्रोग्रॅम चुकला." प्रोग्रॅम बरोबर होता. जीनी, केट, माऊसपॅड, ईमॅक्स, व्हीएस कोड या पाचांत तो शब्द बरोबर उमटतो.

म्हणून चार जीबीच्या मशीनवर जीनी. त्यातच पायथन चालवायचं बटण आहे, आणि आठवडाभरात पोरं रुळली. आठ जीबीच्या दोन मशीनवर व्हीएस कोड, पुढच्या वर्गातल्या पोरांसाठी. त्यात करसर स्थिर, मिनिमॅप (कडेला दिसणारं फाईलचं छोटं चित्र) बंद, पायथनचं एकच एक्स्टेन्शन, तपासणी उघड्या फाईलींपुरती. ग्राफिक्सचा प्रवेग बंद करायचा सल्ला खूप जण देतात. आमच्यावर तो उलटा बसला: चित्र काढायचं काम प्रोसेसरवर आलं आणि वॅट वाढले. ड्रायव्हर बिघडलेला असेल तरच त्याच्या वाटेला जा. केट चांगला आहे, पण एक्सएफसीईवर तो केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या लायब्ररींचं लटांबर घेऊन येतो, म्हणून नाही ठेवला.

खर्च: वॉट मीटर साडेसातशे, थर्मल पेस्ट दीडशे, ब्रश-फुंकणी शंभरच्या आत. मीटर आता इलेक्ट्रिशियन मामांकडं आहे, ते पंखे मोजतायत.

दोन लॅपटॉपवर अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. वरच्या आकड्यांत ते धरलेले नाहीत, कारण चार जीबीत स्वॅप सुरू झाला की डिस्क थांबतच नाही आणि एडिटरचा आकडा वेगळा काढता येत नाही. एसएसडी मिळाल्या की त्यांची मोजणी याच स्क्रिप्टनं.